गाडीत नसलेल्या माणसाची बाजू

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा वाचलं, काल पुन्हा निवांत वाचलं. विनाचालक गाड्या बनवणाऱ्या कंपनीत नोकरी चालून आली आहे, पगार चांगला आहे, आईबाबा खूश आहेत, आणि तुझ्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकते आहे. "मॅडम, आपल्याकडच्या रस्त्यांवर हे कधी चालेल का? मी यात पडू का?" असं विचारलं आहेस. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. पड. तुझ्यासारखी मुलं तिथं नसतील, तर आपला एकही चौक कधी पायी न ओलांडलेल्या माणसांच्या हाती हे काम जाईल. मला त्याची जास्त काळजी वाटते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

तू मला वर्गात शिकवताना पाहिलंस. त्याआधीची बरीच वर्षं मी रस्त्यावर काढली, वाहनगणनेत. स्वारगेट, नळ स्टॉप, हडपसर, नगर रस्ता. सकाळी आठ ते रात्री आठ, फूटपाथच्या कडेला स्टूल, मांडीवर पॅड, चार उभ्या रेघा आणि पाचवी तिरपी. नंतर त्या रेघांचं पीसीयू करायचं, म्हणजे प्रत्येक वाहन किती मोटारींएवढं ते मांडायचं. तुला हे पाठ आहे, तरी आठव: मोटार म्हणजे एक, दुचाकी अर्धी ते पाऊण, रिक्षा एकाहून थोडी जास्त ते दोन, हातगाडी दोन-तीन मोटारींएवढी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या पुस्तिकेत त्याचं कोष्टक आहे. सायकललाही त्यात आकडा आहे. पायी चालणारा माणूस त्या कोष्टकात नाही. कितीतरी वर्षं मी ते कोष्टक वापरलं आणि ही गोष्ट माझ्या लक्षातही आली नाही. लक्षात आली ती माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे.

एका मोठ्या चौकाच्या सिग्नलच्या वेळा ठरवायचं काम माझ्याकडे होतं. रस्ता २४ मीटर रुंद. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात, म्हणजे ओलांडायला २० सेकंद. मी नेमके २० दिले, वर एकही नाही, कारण उरलेला वेळ गाड्यांना हवा होता. गाड्यांची रांग कमी झाली की काम चोख झालं असं तेव्हा मानलं जायचं. सिग्नल सुरू झाल्यावर आठवड्याभरात मी तिथं जाऊन उभी राहिले. एक आजोबा, हातात भाजीची पिशवी, पाय ओढत चालणारे. हिरवा माणूस लागला तरी ते लगेच खाली उतरले नाहीत. दोन्हीकडे बघण्यात तीन-चार सेकंद गेले. त्यांचा वेग सेकंदाला ०.८ मीटरच्या वर नसेल, म्हणजे त्यांना ३० सेकंद हवे होते. ते दुभाजक ओलांडून जेमतेम चार पावलं गेले आणि गाड्या सुटल्या. आजोबा पिशवी छातीशी धरून जागच्या जागी उभे राहिले, पुढून-मागून दुचाक्या जात राहिल्या. तेवढ्यात एका रिक्षावाल्यानं रिक्षा आडवी घातली, मागच्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि हातानं खूण करून आजोबांना पलीकडे जाऊ दिलं. माझ्या हिशेबातली चूक त्या माणसानं निस्तरली. दुसऱ्या दिवशी मी वेळ वाढवून मागितला. तो मिळायला चार महिने लागले.

हे सगळं तुला का सांगते आहे? १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यातल्या टेम्पी शहरात उबरच्या चाचणीच्या गाडीनं एका बाईला उडवलं. बाई सायकल हातात धरून, ढकलत रस्ता ओलांडत होती. स्वयंचलित गाडीच्या धडकेत पादचाऱ्याचा जीव गेल्याची ही पहिली नोंद. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल नीट वाच. गाडीच्या सेन्सरना ती बाई धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. पण गाडी तिला कधी अनोळखी वस्तू समजत होती, कधी वाहन, कधी सायकल, आणि दर वेळी ती कुठं जाणार याचा अंदाज नव्यानं बांधत होती. चाकामागे बसलेली देखरेखीची व्यक्ती फोनमध्ये बघत होती, ही चूक होतीच. मला मात्र अहवालातलं दुसरं वाक्य जास्त लागलं: झेब्रा पट्टी सोडून रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचा विचारच त्या प्रणालीच्या रचनेत नव्हता. माझ्या कोष्टकात जो माणूस नव्हता, तोच तिच्यातही नव्हता.

आता आपल्याकडे ये. झेब्रा पट्टी सोडून न ओलांडणारा माणूस तू शेवटचा कधी पाहिलास? पट्टी असते तिथं पुसलेली असते, पुसलेली नसते तिथं तिच्यावर रिक्षा उभी असते. माणूस ओलांडतो तो मोकळी जागा दिसेल तिथून, तीही एका दमात नाही. लक्ष्मी रस्त्यावर एखादी बाई कशी ओलांडते ते बघ. आधी एक पाऊल खाली. मग पंजा उघडून हात पुढे, "थांब रे बाबा" म्हणावं तसा. पहिली दुचाकी तिच्या पुढून निघून जाते, दुसरी किंचित वळून तिच्या मागून. बसवाला ब्रेक मारत नाही, नुसता पाय ॲक्सिलरेटरवरून काढतो. बसचा आवाज बदलतो, आणि तो बदल ऐकून तिला कळतं की आपल्याला वाट मिळाली. ती बसकडे बघतही नाही. चार-पाच सेकंदांत तिघाचौघांत सगळी बोलणी होतात, शब्द एकही न बोलता. वाहतूकशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत याला बेशिस्त म्हणतात. बेशिस्त यात आहेच, आणि तिच्यात माणसं मरतात हेही खरं. पण त्याच्या आत एक भाषा आहे. तुझ्या गाडीला ती समजावी लागेल, आणि बोलावीही लागेल.

ही भाषा मला शिकवली ती बसच्या ड्रायव्हरांनी. सव्वीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेल्या एकानं कात्रज डेपोत चहा पिताना सांगितलं होतं, "मॅडम, दुचाकीवाल्याचा इंडिकेटर बघायचा नाही. तो सुरू असला तर कालपासून सुरू असतो. त्याचं पुढचं चाक बघायचं आणि मान बघायची. मान वळली की चाक वळणार, चाक वळलं की तो घुसणार." मी ते वहीत लिहून घेतलं. तुमच्या क्षेत्रात याला हेतूचा अंदाज म्हणतात आणि त्यावर शेकडो शोधनिबंध निघतात. ते जरूर वाच. पण पहिल्या महिन्यात एखाद्या डेपोत जाऊन बस.

यंत्राला आपला रस्ता दिसत नाही असं मात्र समजू नकोस. दिसण्याच्या बाबतीत काम झालं आहे, आणि ते आपल्याच लोकांनी केलं आहे. यंत्राला रस्ता ओळखायला शिकवणारी सुरुवातीची गाजलेली चित्रसंचयिका जर्मनी आणि आसपासच्या शहरांवर बेतलेली होती: आखीव रस्ता, स्वच्छ फूटपाथ, ओळीत उभ्या गाड्या. हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या मंडळींनी २०१८ च्या सुमारास हैदराबाद-बंगळुरूच्या रस्त्यांवरची १०,००० चित्रं घेऊन, ३४ वर्गांत त्यांचा एकेक भाग रंगवून आपली स्वतःची संचयिका केली. रिक्षाला वेगळा वर्ग दिला, जनावरांना दिला. मला सगळ्यात आवडले ते त्यांचे 'उरलेसुरले' वर्ग. रस्ता नाही पण गाडी जाऊ शकते अशी कडेची माती हा एक वर्ग. वाहन आहे, पण कोणत्याही ठरलेल्या नावात बसत नाही हा दुसरा. उसाच्या मोळ्यांनी झाकलेला ट्रॅक्टर किंवा डबल बेड लादलेला हातगाडा पाहिलेल्या माणसालाच असा वर्ग सुचतो. काम करायचं तर असं, समोर जे आहे ते आधी मान्य करून.

तरीही दिसणं वेगळं आणि कळणं वेगळं. समजा गाडीला सगळं दिसलं, तरी तिला सांगितलेलं असतं की शंका आली तर थांब. आपल्या चौकात शंका दर सेकंदाला येते. मग ती थांबते. आठ दिवसांत सगळ्या दुचाकीवाल्यांना कळतं की ही पांढरी गाडी कधीच पुढे घुसत नाही, आणि तिला कुणीच वाट देत नाही. मागे रांग लागते. सॅन फ्रान्सिस्कोत २०२५ च्या डिसेंबरात मोठ्या भागाची वीज गेली आणि सिग्नल बंद पडले, तेव्हा वेमो या मूळच्या गूगलच्या कंपनीच्या विनाचालक टॅक्सी चौकाचौकांत अडकून पडल्या आणि सेवाच थांबवावी लागली. हे काम गूगलनं २००९ मध्ये सुरू केलं, फीनिक्सच्या रुंद, कोरड्या रस्त्यांवर सामान्य लोकांसाठी चालकाशिवाय सेवा उघडायला २०२० उजाडलं. इतक्या वर्षांच्या कामालाही बंद सिग्नल जड गेला. आपल्याकडे पहिल्या वळवाच्या पावसात किती सिग्नल डोळे मिटतात ते तुला माहीत आहे.

आणि इथून पुढे मला खरी भीती आहे, ती नीट वाच. गाडी अडकायला लागली की कंपनीच्या बैठकीत कुणीतरी म्हणेल, "रस्ता सुधारायला हवा." ऐकायला बरं वाटतं. मग यादी येईल: फूटपाथच्या कडेला रेलिंग, पथारीवाले हटवा, चौकातला रस्ता बंद करून पादचाऱ्यांना पुलावरून पाठवा, हातगाड्यांना दिवसा बंदी. हे पूर्वी झालेलं आहे. अमेरिकेत मोटारी आल्या तेव्हा रस्ता सगळ्यांचा होता, मुलं त्यावर खेळत असत. मोटारींखाली माणसं मरायला लागली तेव्हा मोटारवाल्यांच्या संघटनांनी मोहीम काढली आणि वाटेल तिथून रस्ता ओलांडणाऱ्याला गावंढळ ठरवलं. १९२५ मध्ये लॉस एंजेलिसनं पादचाऱ्यांना बांधून घालणारा वाहतूक नियम केला, पुढे इतर शहरांनी तोच कित्ता गिरवला. गाडीला जमत नाही म्हणून माणूस बदलला. आपल्याकडेही पादचारी पुलाच्या पायऱ्या चढायच्या कुणी? गुडघे दुखणाऱ्या बाईनं की एसी गाडीनं? अशी यादी तुझ्यासमोर आली तर बैठकीत बोल. नोकरी नवी असली तरी बोल. रस्ता सुधारायचाच तर रुंद फूटपाथ, उजेड, खड्डे बुजवणं, दिसणारी पट्टी, लांबलेला हिरवा सिग्नल यांची यादी तू आण. त्यानं तुझ्या गाडीचंही काम सोपं होतं आणि आजोबांचंही.

कुणी स्वतंत्र मार्गिका मागितली तर त्याला पुण्याची बीआरटी, म्हणजे बससाठी राखून ठेवलेली मार्गिका, दाखव. कात्रज ते स्वारगेट ते हडपसर हा टप्पा डिसेंबर २००६ मध्ये सुरू झाला. मार्गिका आखली, रंगवली, पण थांबे रस्त्याच्या मधोमध. थांब्यापर्यंत माणूस जिवंत कसा पोचणार याचा विचार मागून झाला. मार्गिकेत दुचाकी शिरल्या त्या शिरल्याच.

मी विरोधात आहे असं आतापर्यंत वाटलं असेल. तसं नाही. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात ४४.५ टक्के दुचाकीवरची, १९.५ टक्के पायी चालणारी. हा आकडा समोर ठेवून "आपल्याला यंत्र नको" म्हणायची माझी छाती होत नाही. यंत्राला झोप येत नाही, ते दारू पीत नाही, फोनवर बोलत नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार तुला माहीत आहे. रात्रभर गाडी हाकलेला ड्रायव्हर, डिझेल वाचवायला न्यूट्रलवर टाकलेली गाडी, मग ब्रेक दाबून दाबून तापतात आणि लागेनासे होतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथं एका ट्रकनं डझनावारी गाड्या चेपल्या. त्या ट्रकला उतारावर न्यूट्रल होऊ न देणारी, ब्रेक तापतोय हे आधी ओळखणारी, ड्रायव्हरची पापणी मिटली की ओरडणारी, समोर अडथळा दिसताच आपणहून ब्रेक लावणारी व्यवस्था असती तर? त्यासाठी पूर्ण विनाचालक गाडी लागत नाही. तिचे सुटे भाग लागतात, आणि ते आज तयार आहेत. आपल्या शहरात हे तंत्रज्ञान आधी यावं ते एसटीत, पीएमपीत, डंपरमध्ये, पाण्याच्या टँकरमध्ये. चाकाशी माणूस, त्याच्या शेजारी जागं यंत्र. नोकरीत निवड करायची मुभा मिळाली तर रोबोटॅक्सीच्या गटापेक्षा अशा कामाचा गट माग. त्यात फोटो कमी छापून येतात.

पूर्ण विनाचालक म्हणशील तर तेही आपल्याकडे आलेलं आहे. २८ डिसेंबर २०२० ला दिल्ली मेट्रोच्या मजेंटा मार्गिकेवर चालकाशिवाय गाडी सुरू झाली. रूळ स्वतःचा, मध्ये कुणी येत नाही, म्हणून जमलं. आयआयटी हैदराबादच्या तिहान केंद्रात आवाराच्या आत विनाचालक बसवर काम चालू आहे. क्रम असाच असावा: बंद आवार, मग ठरलेला मार्ग आणि मंद वेग, मग बाकीचं. ताशी १५-२० किलोमीटरनं चालणारी लहान बस चुकली तरी सहसा जीव जात नाही. कमी वेग हीच सुरक्षितता, हे मी वर्गात किती वेळा सांगितलं होतं!

ड्रायव्हरांचं काय, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण विचारायला हवा होतास. नितीन गडकरींनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ च्या डिसेंबरात नागपूरला सांगितलं की चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्या देशात येऊ देणार नाही. काळजी रास्त आहे. पण नुसत्या नकारानं ती मिटत नाही. तंत्रज्ञान मागच्या दारानं येतं, आणि मग कुणाची तयारी नसते. रिक्षावाल्याच्या घरी जाऊन बघ. परमिट, बॅज, कर्जाचा हप्ता, पासिंग, विमा, आणि त्या तीन चाकांवर मुलीचं शिक्षण. चीनमधल्या वूहानमध्ये बायडू कंपनीच्या विनाचालक टॅक्सी वाढल्या तेव्हा २०२४ मध्ये तिथल्या टॅक्सीवाल्यांनी तक्रार केलीच ना? म्हणून प्रकल्पाच्या पहिल्या कागदावरच लिहायला लाव की दूरवरून गाड्यांवर लक्ष ठेवणारे, चाचणीत चाकाशी बसणारे, बिघाड काढणारे लोक याच ड्रायव्हरांतून घेतले जातील. मान बघणारा माणूस पडद्यासमोर बसला तर तुमचंच भलं होईल.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये २ ब हे कलम घातलं गेलं. नवं तंत्र आजमावण्यासाठी सरकार काही वाहनांना कायद्यातून सूट देऊ शकतं. दार उघडं आहे. पण चाचणीच्या गाडीनं कुणाला धक्का दिला तर जबाबदार कोण आणि त्या क्षणाच्या नोंदी कुणाच्या ताब्यात, हे करारात आधी स्पष्ट करून घ्यायला हवं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या गाडीनं उडवलेली एक बाई क्रूझ कंपनीच्या विनाचालक गाडीखाली आली, आणि गाडी थांबल्यावर 'कडेला घे' या नियमानं पुन्हा चालली. बाई सुमारे २० फूट फरफटत गेली. कंपनीनं ही फरफट सुरुवातीला सरकारला नीट सांगितली नाही, परवाना गेला, आणि पुढे चुकीचा अहवाल दिल्याचं कंपनीला कबूल करावं लागलं. गाडीच्या चुकीपेक्षा त्या लपवाछपवीनं लोकांचा विश्वास उडाला. तुझ्या गाडीनं एखाद्याच्या पायाला नुसता धक्का दिला तरी त्याची नोंद तुझ्या हातानं कर, त्याच दिवशी, तुझ्या नावानं.

पहिल्या वर्षात चाचणीसाठी कुठले दिवस निवडाल त्यावरून मला तुमचा गट कळेल. फेब्रुवारीतल्या रविवारी सकाळी सात वाजता गाडी कुणाचीही चालते. जूनमध्ये चालवा, लायडारच्या, म्हणजे अंतर मोजणाऱ्या लेझरच्या, किरणांवर थेंब फुटत असताना आणि खड्डा की डबकं हे माणसालाही कळत नसताना. संध्याकाळी शाळा सुटताना चालवा. पालख्या पुण्यात येतात त्या दिवशी फर्ग्युसन रस्त्याच्या तोंडाशी गाडी नुसती उभी करा आणि तिला काय दिसतं ते रात्रभर तपासा. डोक्यावर तुळस घेतलेली बाई तुमच्या वर्गीकरणात काय म्हणून नोंदली जाते, हे मला कळव. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

रुजू व्हायला तुला अजून तीन आठवडे आहेत. त्यातला एक दिवस मला दे. सकाळी आठला स्वारगेटला ये, स्टूल मी आणते, पॅड आणि पेन्सिल तू आण. गाड्या मोजायच्या नाहीत. फक्त ओलांडणारी माणसं मोजायची, आणि प्रत्येकासमोर लिहायचं की त्याला वाट कुणी दिली आणि कशी. दुपारी जेवायला घरी चल, थालीपीठ लावते.

तुझी,
मॅडम